पुस्तकाचे दार आणि घरची चाळणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



वाचनाचे महत्त्व या विषयावर अशा समारंभात दरवर्षी कोणी ना कोणी बोलत असतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आज मी तुमच्यापुढे वाचनाविषयी नव्हे, तर लिहिण्याविषयी, आणि लिहिलेले लोकांपर्यंत पोचविण्याविषयी बोलणार आहे. कोणत्याही वर्गात जा. वहीच्या मागच्या पानांवर कविता, शेर, गोष्टी लिहिणारी दोन-तीन मुले-मुली हमखास सापडतात. दहावी झाली की ती वही माळ्यावर जाते आणि दोन-चार वर्षांनी रद्दीवाल्याच्या तराजूत पडते. घरात नानी कहाण्या सांगते, अब्बांना धानाच्या बांधीचे, पितळेच्या भांड्याचे किंवा तेंदूपत्त्याचे असे ज्ञान असते की ते कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. त्यांच्याबरोबर तेही जाते. का जाते? कारण आपली पक्की समजूत आहे की, पुस्तक काढणे हे पुण्या-मुंबईच्या मोठ्या लोकांचे काम आहे. भंडाऱ्याच्या, तुमसरच्या, पवनीच्या माणसाने ते विकत घ्यावे, फार तर वाचावे.

मित्रहो, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. आज आपले पुस्तक आपण स्वतः, घरबसल्या, संगणकाच्या किंवा मोबाईलच्या साहाय्याने प्रसिद्ध करू शकतो. मात्र दार उघडे झाले म्हणजे घर बांधून झाले असे नाही. म्हणून या नव्या वाटेचे फायदे आणि तिच्यावरचे खड्डे, दोन्ही तुम्हांला सांगणे हे शिक्षक या नात्याने माझे कर्तव्य आहे.

प्रथम जुनी पद्धत पाहू. लेखक हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवितो. प्रकाशक ते वाचतो किंवा कोणाकडून वाचवून घेतो. पसंत पडले तर संपादन होते, अक्षरजुळणी होते, मुद्रिते तपासली जातात, मुखपृष्ठ होते, कागद येतो, छपाई व बांधणी होते. मग प्रती विक्रेत्यांकडे जातात. या सर्व खर्चाचा धोका प्रकाशकाने पत्करलेला असतो. म्हणून लेखकाला छापील किमतीच्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपास मानधन मिळते. ज्या पुस्तकाला गिऱ्हाईक मिळेल की नाही याची शंका, त्याला प्रकाशक हात लावीत नाही. यात त्याचा दुष्टपणा नाही, व्यवहार आहे. परंतु या व्यवहारात लहान गावचा, अनोळखी नावाचा, निराळ्या बोलीचा लेखक बहुधा बाहेरच राहतो.

आता कोणी म्हणेल, स्वतःचे पुस्तक स्वतः काढणे हे हौशी माणसाचे लक्षण आहे. ज्याला कोणी छापीत नाही तो हे करतो. इतिहास तसे सांगत नाही. छपाई येण्यापूर्वी तर प्रत्येक ग्रंथ हाताने नकलून पसरत असे. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके १११० मध्ये आपल्या वैनगंगेकाठी, आंभोऱ्याला लिहिला गेला अशी परंपरा आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत रचला. यांना कोणता प्रकाशक होता? ज्याला ग्रंथ आवडला त्याने तो उतरवून घेतला, आणि पुढच्याला दिला. वाचणाराच तेव्हा प्रसार करणारा होता.

छपाईच्या काळातले एक उदाहरण तर प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे असे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने आपल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलाविले. त्यांनी भाषण लिहून पाठविले. त्यातील विचार मंडळाच्या पचनी पडेनात. काही भाग गाळावा अशी गळ घालण्यात आली. डॉ. आंबेडकरांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला आणि अखेर परिषदच झाली नाही. भाषण न करताच राहिले. त्यांनी काय केले? तेच भाषण स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ते हेच. पंधराशे प्रतींची ही इंग्रजी आवृत्ती दोन महिन्यांत संपली, असे त्यांनीच १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. तोपर्यंत गुजराती व तमिळ भाषांतरेही झाली होती. ज्यांनी पुढे १९५४ साली आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली, त्या थोर पुरुषाचा हा ग्रंथ आज जगभर अभ्यासला जातो. व्यासपीठ नाकारले गेले म्हणून विचार थांबला नाही, कारण लिहिणाऱ्याने तो स्वतः लोकांपर्यंत नेला.

साठच्या दशकात मराठीत लघुअनियतकालिकांची चळवळ झाली. प्रतिष्ठित मासिकांत जागा न मिळणाऱ्या तरुणांनी थोडेसे पैसे जमवून, प्रसंगी चक्रमुद्रणावर, आपले अंक काढले. त्यांच्यापैकी कित्येकांची नावे आज अभ्यासक्रमात आहेत. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांच्याविरुद्ध हे बंड होते, त्या 'सत्यकथा' मासिकाचे आणि मौज प्रकाशनाचे संपादक श्री. पु. भागवत हे हस्तलिखित डोळ्यांत तेल घालून वाचणारे, लेखकाला सूचना करून पुन्हा लिहावयास लावणारे संपादक म्हणून ओळखले जात. अशा चाळणीतून गेलेल्या पुस्तकांनी मराठी समृद्ध केली हेही खरे. म्हणजे दार बंद ठेवणे निराळे आणि चाळणी लावणे निराळे. हा फरक ध्यानात ठेवा, कारण पुढचे माझे सारे सांगणे त्यावरच उभे आहे.

आता आजच्या सोयी पाहू. अ‍ॅमेझॉन कंपनीने २००७ साली 'किंडल' हे वाचनयंत्र बाजारात आणले, आणि त्याच सुमारास लेखकाने आपले पुस्तक स्वतः चढवावे अशी सोय सुरू केली. तिला आज किंडल डायरेक्ट पब्लिशिंग म्हणतात. भारतात डिसेंबर २०१६ मध्ये मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ व मल्याळम या पाच भाषांतील ई-पुस्तके तेथे आली. पुस्तक चढविण्यास शुल्क नाही. वाचकाजवळ किंडल यंत्रच असले पाहिजे असेही नाही. मोबाईलवर ते वाचता येते. किंमत लेखक ठरवितो आणि ठरलेल्या नियमांप्रमाणे किमतीच्या ३५ किंवा ७० टक्के रक्कम त्याला मिळते. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ते ई-पुस्तक नव्वद दिवसांच्या मुदतीने केवळ त्याच ठिकाणी ठेवण्याची अट मान्य करावी लागते. ही अट वाचल्याशिवाय होकार देऊ नये, कारण त्या मुदतीत तुम्ही तेच ई-पुस्तक दुसरीकडे फुकटही देऊ शकत नाही.

हिशेब करून पाहू. समजा, छापील पुस्तकाची किंमत दोनशे रुपये आहे आणि मानधन दहा टक्के. लेखकाला एका प्रतीमागे वीस रुपये मिळतील. ई-पुस्तकाची किंमत शंभर ठेवली आणि ३५ टक्के घेतले तरी पस्तीस रुपये होतात. पण यावर हुरळून जाऊ नका. पस्तीसाला गुणावयाचे ते विकल्या गेलेल्या प्रतींनी. प्रती तीनच गेल्या तर एकशे पाच रुपये झाले. प्रकाशकाची माणसे, विक्रेते, ग्रंथालयांची खरेदी, यांपैकी काहीच तुमच्या पाठीशी नसते. पुस्तक आहे हे वाचकाला कळविण्याचे काम संपूर्ण तुमचे.

दुसरी सोय 'प्रतिलिपी' ही. २०१४ साली सुरू झालेली ही बंगळूरची संस्था असून आज तेथे मराठी व उर्दूसह बारा भाषांत लोक कथा-कादंबऱ्या लिहितात. येथे भागाभागाने कथा देता येते आणि वाचक लगेच आपले मत कळवितो. तिसरी सोय ठाण्याच्या ई-साहित्य प्रतिष्ठानची. ते मराठी पुस्तके संगणकीय रूपात वाचकांना विनामूल्य पोचवितात. ज्याला पैशापेक्षा वाचक हवा त्याने या वाटेचा विचार करावा. चौथी सोय मागणीनुसार छपाईची. पूर्वी हजार प्रती एकदम छापून घरात गठ्ठे रचावे लागत; आता मागणी येईल तशी एक, दहा, पन्नास प्रत छापता येते. एका प्रतीचा खर्च अधिक पडतो, पण भांडवल अडकून पडत नाही.

या वाटेने गेलेले लेखक मोठे झालेच नाहीत असे नाही. अमेरिकेतील अँडी वीअर यांनी 'द मार्शन' ही मंगळावर अडकलेल्या माणसाची कादंबरी आपल्या संकेतस्थळावर भागाभागाने, फुकट दिली. वाचकांनी मागणी केली म्हणून २०११ साली ती किंडलवर अगदी अल्प किमतीत ठेवली. पुढे २०१४ साली मोठ्या प्रकाशकाने ती छापली आणि २०१५ साली तिच्यावर चित्रपट निघाला. आपल्या मुंबईचे अमीश त्रिपाठी यांचे पहिले पुस्तक अनेक प्रकाशकांनी नाकारले. २०१० साली ते स्वतःच्या व आपल्या प्रतिनिधीच्या बळावर बाहेर आले आणि नंतर प्रकाशकच त्यांच्याकडे आले. मात्र ही उदाहरणे लाखांत एखादी आहेत हे पालकांनी जरूर ध्यानात घ्यावे. मुलाने पुस्तक चढविले म्हणजे उद्या घरात पैसा येईल, असा हिशेब कोणी करू नये. अभ्यास सोडून लेखक व्हा, असे मी कोणत्याही विद्यार्थ्याला सांगत नाही.

मग आपल्यासाठी या सोयीचा खरा उपयोग काय? तो मला आपल्या जिल्ह्याच्या भाषेत दिसतो. आपला हा झाडीपट्टीचा मुलूख. येथील झाडीबोलीत पाणी हे 'पानी' आहे आणि डोळा हा 'डोरा' आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर आणि त्यांचे सहकारी यांनी नव्वदच्या दशकापासून झाडीबोलीची साहित्य संमेलने भरवून या बोलीला लिहिते केले. दंडार ही आपली लोककला. बोडी, बांधी, धुरा, पऱ्हे, रोवणी हे आपल्या धानाच्या शेतीचे शब्द. दूरच्या शहरातील मुद्रितशोधक 'पानी' पाहताच 'पाणी' करून टाकील, आणि धानाच्या शब्दांचे पुस्तक किती खपेल असे प्रकाशक विचारील. त्याचे विचारणे चूक नाही. पण पुस्तकाचे मोल केवळ खपावर ठरत नाही. ज्याला फक्त दोनशे वाचक आहेत, परंतु ज्या दोनशेंना ते दुसरीकडे कोठेही मिळणार नाही, अशा पुस्तकासाठी हीच वाट योग्य आहे.

आपल्या समाजाच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे आहे. आपल्या घरांत उर्दू-हिंदी मिसळलेली बोली असते, शेजारात झाडीबोली असते आणि शाळेत प्रमाण मराठी असते. एकाच मुलीच्या कानावर या तिन्ही भाषा दिवसभर पडतात. हे तिचे दारिद्र्य नाही, दौलत आहे. मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकांनी १९९० साली सोलापूरला आपले पहिले साहित्य संमेलन भरविले. त्याच्याही आधी हमीद दलवाई यांची 'इंधन' ही कादंबरी १९६५ साली आलेली आहे. परंतु त्यांत कोकण आहे, सोलापूर आहे, मराठवाडा आहे. भंडाऱ्याचा मोहल्ला, येथील आठवडी बाजार, विडीचे सूप मांडीवर घेऊन बसलेली आई फारशी कोठे लिहिली गेली नाही. हे दुसरा कोणी येऊन लिहिणार नाही. आणि लिहिलेच तर बाहेरून पाहून लिहील.

आता खड्ड्यांकडे वळतो. पहिला खड्डा पैशाचा. 'तुमचे पुस्तक आम्ही प्रकाशित करू' अशा जाहिराती मोबाईलवर येतात. निरनिराळी 'पॅकेज' असतात, सोबत पुरस्काराचे आणि प्रमाणपत्राचे आमिषही असते. आमच्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांनी पेन्शनमधून शिल्लक टाकलेली रक्कम अशा एका ठिकाणी भरली. पुस्तक आले, पण पानोपानी जोडाक्षरे तुटलेली, आणि अनुक्रमणिकेतील पृष्ठांक चुकलेले. विक्रीचा हिशेब मागितला तेव्हा फोन उचलणारा माणूस दर वेळी निराळा. त्यांच्या प्रती अजून पलंगाखाली आहेत. म्हणून एक खूणगाठ बांधा: प्रकाशक तो, जो तुमच्या पुस्तकावर स्वतःचे पैसे लावतो. सगळा खर्च तुमच्याकडून घेणारा हा प्रकाशकाची पाटी लावलेला छापखानाच आहे. छपाईच करावयाची तर भंडाऱ्याचा किंवा नागपूरचा मुद्रक ती आपल्या डोळ्यांसमोर करून देईल.

तरीही कोणाला पैसे देण्याची वेळ आलीच, तर आधी पाच प्रश्न लेखी विचारा. हस्तलिखित वाचून दुरुस्त कोण करणार? प्रताधिकार कोणाच्या नावे राहणार? या पैशात किती प्रती माझ्या हातात येणार? विक्रीचा हिशेब मला स्वतःला पाहता येईल काय? आणि करार संपविला तर पुस्तकाची फाईल मला परत मिळेल काय? यांपैकी एकाही प्रश्नाला टाळाटाळ झाली तर नमस्कार करून उठावे.

याच संदर्भात कायद्याच्या दोन-तीन गोष्टी प्रत्येक घरी ठाऊक असाव्यात. प्रताधिकार कायदा १९५७ सालचा. तुम्ही मजकूर लिहिला की त्याच क्षणी प्रताधिकार तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. याचा दुसरा अर्थ असा की, दुसऱ्याची कविता किंवा इंटरनेटवरून उचललेले चित्र आपल्या पुस्तकात घालणे हा गुन्हा ठरू शकतो. पुस्तकाच्या पाठीवर जो तेरा आकडी आयएसबीएन क्रमांक असतो, तो भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतः ऑनलाईन अर्ज करू शकतो. या क्रमांकासाठी कोणी पैसे मागितले तर सावध व्हा. तसेच १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापील पुस्तकाची प्रत प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमलेली ग्रंथालये यांना प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवावयाची असते. आपणच प्रकाशक झालो की हे कर्तव्यही आपलेच. आणि यात आपले हितच आहे. आपल्या गावचे पुस्तक राष्ट्रीय ग्रंथालयात कायमचे राहते.

दुसरा खड्डा विसंबून राहण्याचा. इंटरनेटवर टाकले म्हणजे ते अमर झाले, असे मुलांना वाटते. २०१९ साली मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तके त्यांच्या यंत्रांतून नाहीशी झाली. म्हणून मूळ फाईल दोन-तीन ठिकाणी जपून ठेवावी आणि निदान काही प्रती कागदावर छापून ग्रंथालयांत द्याव्यात. कागद अजून भरवशाचा आहे.

तिसरा खड्डा घाईचा. लिहिले आणि पाच मिनिटांत चढविले, अशी ही सोय आहे. आणि तोच तिचा दोष आहे. पुन्हा वाचण्यास कोणी भाग पाडीत नाही. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे मागाल ती गोष्ट क्षणात लिहून देतात. अशा पुस्तकांचा एवढा लोंढा आला की, सप्टेंबर २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनला एका लेखकाने दिवसाला तीनच नवी पुस्तके चढवावीत अशी मर्यादा घालावी लागली, आणि मजकूर यंत्राने लिहिला आहे काय हे कळविणेही आवश्यक केले गेले. दिवसाला तीन पुस्तके! विद्यार्थी मित्रांनो, यंत्राने लिहिलेले आपल्या नावावर देऊ नका. यंत्राला तुमच्या नानीची कहाणी ठाऊक नाही. ती फक्त तुम्हांला ठाऊक आहे.

पालकांच्या मनात, विशेषतः मुलींच्या पालकांच्या मनात, आणखी एक काळजी असते, ती मी जाणतो. मुलीचे नाव इंटरनेटवर जाईल, अनोळखी माणसे बोलू लागतील. ही काळजी अनाठायी नाही. पण त्यावर उपाय वही काढून घेणे हा नव्हे. टोपणनावाने लिहिता येते. छायाचित्र, पत्ता, शाळेचे नाव, फोन क्रमांक देण्याची गरज नसते. अठरा वर्षांखालील मुलांना किंडलचे खाते स्वतःच्या नावे काढता येत नाही. ते आई-वडिलांनी किंवा पालकांनीच काढावयाचे, आणि पैसेही त्यांच्याच बँक खात्यात येतात. म्हणजे मुलीच्या पुस्तकाचे पहिले वाचक आणि पहिले राखणदार तुम्हीच आहात. ती काय लिहिते हे तिच्याशेजारी बसून वाचा. रागावण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी वाचा.

आता चाळणीचे बोलू. प्रकाशक नसला तरी प्रकाशकाचे काम शिल्लक राहते. हस्तलिखित वाचणे, फाजील भाग काढणे, शुद्धलेखन पाहणे, मुद्रिते तपासणे, हे कोणी तरी केलेच पाहिजे. एकट्या लेखकाला स्वतःच्या चुका दिसत नाहीत, कारण त्याने काय लिहावयाचे होते ते त्याला आधीच माहीत असते. म्हणून हे काम आपण सर्वांनी मिळून करावे, असे माझे मत आहे. दार उघडे असू द्या, पण घरची चाळणी विणा.

आपण हे करू शकतो याचा पुरावा तुमच्या हातीच येणार आहे. आपल्या संस्थेची स्मरणिका कोणता प्रकाशक काढतो? आपणच लिहितो, आपणच तपासतो, आपणच छापून घेतो. हे स्वयंप्रकाशनच आहे! आपल्याला फक्त एक पाऊल पुढे जावयाचे आहे. म्हणून संस्थेपुढे मी एक नम्र सूचना ठेवतो. एक छोटेसे वाचन मंडळ स्थापावे. त्यात भाषेचे दोन शिक्षक, वरच्या वर्गातील एक विद्यार्थी व एक विद्यार्थिनी, आणि बोली जाणणारे एक बुजुर्ग असावेत. वर्षाकाठी एकच पुस्तिका काढावी, पण ती नीट काढावी. एका वर्षी धानाच्या शेतीचे शब्द, एका वर्षी पितळेच्या कारागिरीची माहिती, एका वर्षी नानी-दादींच्या कहाण्या, एका वर्षी विद्यार्थ्यांच्या कविता.

कामाची रीत अशी असावी. प्रथम मजकूर युनिकोडमध्ये टंकावा. जुन्या टंकांत केलेली मजकुराची फाईल दुसऱ्या यंत्रावर उघडली की नुसती चिन्हे दिसतात, हा अनुभव कार्यालयात काम करणाऱ्या अनेकांना असेल. युनिकोडमध्ये ती अडचण राहत नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्या बुजुर्गांनी बोलावे. ऑगस्ट २०१७ पासून मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत बोललेले टंकून घेण्याची गूगलची सोय उपलब्ध आहे. यंत्र चुका करील, बोलीचे शब्द प्रमाण भाषेत ओढील. त्या मुलांनी नानीला पुन्हा विचारून दुरुस्त कराव्यात. या विचारण्यातच अर्धे शिक्षण आहे. मग मंडळाने संपूर्ण मजकूर मोठ्याने वाचावा. जेथे जीभ अडखळते तेथे वाक्य सुधारावे. मुद्रिते तीन वेळा, तीन निरनिराळ्या माणसांनी तपासावीत. आयएसबीएन घ्यावा. मग पुस्तिका इंटरनेटवर विनामूल्य ठेवावी आणि पन्नास प्रती गावच्या मुद्रकाकडून छापून शाळेला, जिल्हा ग्रंथालयाला व गावोगावच्या वाचनालयांना द्याव्यात.

जुन्या स्मरणिकाही शोधून काढा. कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या कपाटात त्या पडलेल्या असतील. उर्दूच्या बाबतीत रेख्ता या २०१३ साली सुरू झालेल्या संस्थेने हजारो जुनी पुस्तके व मासिके पानापानाने टिपून सर्वांसाठी खुली केली. त्यामुळे आज भंडाऱ्यात बसून दिल्ली-लखनौचे जुने अंक वाचता येतात. मग आपल्या आधीच्या पिढीने आपल्याच शाळेविषयी लिहिलेले चार लेख आपल्या मुलांना वाचता येऊ नयेत काय? ज्यांनी वर्गणी गोळा करून खोल्या बांधल्या, मुलींना पहिल्यांदा शाळेत पाठविले, त्यांची हकीकत त्या पानांत आहे. वाळवी लागण्यापूर्वी ती उतरवून घेणे हे आपले ऋण फेडणे आहे.

यातून कोणी श्रीमंत होणार नाही, हे मी पुन्हा सांगतो. पण जो मुलगा आपल्या लेखाचे मुद्रित तीनदा तपासतो त्याची भाषा सुधारते. जी मुलगी नानीची कहाणी लिहून काढते तिला ऐकण्याची सवय लागते. आणि ज्या बुजुर्गाचे शब्द छापून येतात त्याला कळते की, आपले आयुष्य फुकट गेले नाही. परीक्षेच्या गुणपत्रिकेत या गोष्टींना रकाना नाही. म्हणून त्यांची काळजी शाळेने आणि घराने मिळून घ्यावयाची असते.

तेव्हा पालकांनो, या सुट्टीत माळ्यावरची ती वही खाली काढा. विद्यार्थ्यांनो, घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ एक संध्याकाळ बसा आणि तो जे बोलेल ते जसेच्या तसे लिहून काढा. ते घेऊन शाळेत या. वाचावयास आम्ही शिक्षक तयार आहोत, लाल शाईचा पेनही तयार आहे.